लोणावळ्याला फुगणारे पाकीट आणि घाटात दाटणारा ढग

जुलैतल्या एखाद्या सकाळी कल्याणहून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीच्या वातानुकूलित डब्यात बसावे, फलाटावर घेतलेले वेफर्सचे पाकीट न फोडता समोरच्या जाळीत खोवून ठेवावे आणि खिडकीबाहेर पाहत राहावे. अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, नेरळ ही ओळखीची स्थानके मागे पडतात. कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडली जातात आणि घाट सुरू होतो. एकामागून एक बोगदे येतात, दरी पांढुरकी होत जाते, समोरचा डोंगर पाहता पाहता दिसेनासा होतो. लोणावळा आले की पाकिटाकडे नजर टाकावी. कल्याणला बोटाखाली सहज दबणारे ते पाकीट आता टम्म फुगलेले असते.

पाकीट फुगणे आणि दरीत ढग दाटणे या दोन गोष्टी एकमेकींशी संबंधित आहेत, असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. वास्तविक दोहोंचे कारण एकच आहे. समुद्रसपाटीलगतच्या कल्याणात पावसाळ्यात हवेचा दाब साधारण १००४ मिलिबार असतो. लोणावळा सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे. तेथे तो ९३५ मिलिबारच्या आसपास उतरतो. म्हणजे सात टक्क्यांची घट. बाहेरचा दाब घटला म्हणून पाकिटातला वायू प्रसरण पावला. अरबी समुद्रावरून येऊन घाटाच्या अंगावरून वर चढलेली हवाही त्याच कारणाने प्रसरण पावली.

मात्र पुढे एक चमत्कारिक फरक पडतो. पाकिटातल्या वायूचे तापमान कल्याणला २५ अंश होते, तर लोणावळ्यालाही २५ अंशच राहिले. बाहेरची हवा मात्र कल्याणला २८ अंशांवर होती ती लोणावळ्याला पोहोचेतो साडेतेवीस अंशांपर्यंत गार झाली. उंची तीच, दाबातली घट तीच. मग एक वायू जसाच्या तसा आणि दुसरा गार, असे का? ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या नळाला येणारे पाणी या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती वाटेल. पण ते अक्षरशः खरे आहे.

नौपाड्यापासून डोंबिवलीच्या फडके रोडपर्यंत ज्या असंख्य शिकवण्यांच्या पाट्या लटकतात, त्यांच्या वर्गांत हाच प्रश्न निराळ्या वेषात येतो. ‘एक लिटर आदर्श वायू २७ अंश तापमानाला आणि एक वातावरण दाबाला आहे. तो प्रसरण पावून दोन लिटर झाला, तर त्याचा दाब आणि तापमान किती?’ मुले तत्परतेने वायूचे समीकरण लिहितात आणि तिथेच अडतात. दाब आणि आकारमान यांचा गुणाकार केला आणि त्याला निरपेक्ष तापमानाने भागले, तर येणारी संख्या ठरावीक वायूसाठी बदलत नाही, एवढेच ते समीकरण सांगते. बॉइलने १६६२ मध्ये आणि गे-ल्युसॅकने १८०२ मध्ये मांडलेले नियम क्लापेरॉन या फ्रेंच अभियंत्याने १८३४ मध्ये एकत्र गुंफले, ते हेच समीकरण. पण त्यात आता दाबही अज्ञात आहे आणि तापमानही. एका समीकरणातून दोन अज्ञात कसे निघणार? प्रस्तुत लेखकाच्या विद्यार्थिदशेत शिक्षकांनी ‘तापमान स्थिर धरा’ असे सांगून वेळ मारून नेली होती. तापमान स्थिर का धरायचे, हे विचारण्याचे धैर्य आमच्यापैकी कुणालाही झाले नाही.

खरे म्हणजे प्रश्नच अपुरा आहे. वायू किती प्रसरण पावला एवढे सांगून भागत नाही. तो कसा प्रसरण पावला हे सांगावे लागते. ऊर्जेचा जमाखर्च घरखर्चासारखाच असतो. बाहेरून मिळणारी उष्णता ही आवक. दट्ट्या किंवा भोवतालची हवा मागे सारण्यासाठी वायूला करावे लागणारे कार्य हा खर्च. रेणूंच्या धावपळीच्या रूपाने वायूच्या पोटात असलेली आंतरिक ऊर्जा ही शिल्लक. आदर्श वायूच्या बाबतीत तापमान म्हणजे निव्वळ या शिलकेचे माप. शिल्लक वाढली की तापमान वाढते, घटली की उतरते, आणि आवक-खर्च जुळले की जिथल्या तिथे राहते. तेव्हा तापमान काढायचे असेल तर आधी विचारायचे ते हे, की प्रसरण पावताना वायूने खर्च किती केला आणि त्या काळात त्याला आवक किती झाली.

वरचेच उदाहरण घेऊ. वायूचे नळकांडे पाण्याच्या मोठ्या टाकीत ठेवून दट्ट्या सावकाश सरकू दिला, तर वायू जेवढा खर्च करतो तेवढी उष्णता टाकीतून त्याला मिळत राहते. तापमान २७ अंशच राहते आणि दाब निम्मा होतो. तेच नळकांडे जाड गुंडाळून उष्णतेची वाट बंद केली आणि दट्ट्या तसाच सावकाश सरकू दिला, तर सारा खर्च शिलकेतून करावा लागतो. दाब निम्म्याहूनही खाली, ०.३८ वातावरणावर येतो आणि तापमान शून्याखाली ४६ अंशांपर्यंत घसरते. उष्णतेची वाट बंदच ठेवून, सावकाशीऐवजी दट्ट्यावरचे वजन एका झटक्यात उतरवले, तर वायूला कमी दाबाविरुद्ध ढकलावे लागते, त्याचा खर्च कमी होतो. तापमान उणे २३ आणि दाब ०.४२. दट्ट्याच नसेल, पडदा फाडून वायू शेजारच्या निर्वात कप्प्यात पसरला असेल, तर ढकलायला समोर काहीच नाही. खर्च शून्य, तापमान २७ आणि दाब निम्मा. जूलने १८४५ मध्ये दोन तांब्याची भांडी जोडून आणि पाण्यात बुडवून हा प्रयोग केला, तेव्हा पाण्याचे तापमान बदललेले त्याला दिसले नाही. आणि दट्ट्यावरचे वजन जसेच्या तसे ठेवून खालून आच दिली, तर वायू दुप्पट होईतो तापमान ३२७ अंशांवर गेलेले असते आणि दाब तोच राहतो.

एक लिटरचे दोन लिटर, पण वाटा पाच आणि उत्तरे चार! त्यांतल्या कुठल्याही उत्तरात वायूचे समीकरण मोडत नाही. ते सगळीकडे खरे आहे, फक्त एकट्याने निवाडा करण्यास असमर्थ आहे.

यातले दुसरे उत्तर, म्हणजे उष्णतेची देवाणघेवाण न होता होणारे प्रसरण, आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. पुस्तकांत त्याला अ‍ॅडियाबॅटिक म्हणतात. आपण त्याला उष्णताबंद म्हणू. ०.३८ हा आकडा कुठून आला हे सांगितल्याखेरीज पुढे जाणे बरे नव्हे. ठरावीक हवेचे आकारमान बदलू न देता ती एक अंशाने तापवायला उष्णतेचे पाच वाटे लागतात असे धरू. तीच हवा मोकळेपणी फुगू देऊन तापवली, तर भोवतालाला ढकलण्यासाठी आणखी दोन वाटे लागतात, एकूण सात. सातास पाच हे गुणोत्तर म्हणजेच १.४. उष्णताबंद प्रसरणात दाब आणि आकारमानाचा १.४ वा घात यांचा गुणाकार बदलत नाही. हे झाले दुसरे समीकरण. आता अज्ञात दोन आणि समीकरणेही दोन. आकारमान दुप्पट झाले तर २ चा १.४ वा घात, म्हणजे २.६४ ने भागायचे, दाब ०.३८ येतो. दाब कळला की पहिल्या समीकरणातून तापमान: ३०० केल्विनचे २२७ केल्विन.

याच दोन आणि सातांतून एक सोपा हिशेब निघतो. दाबातली घट थोडी असेल, तर ती जितके टक्के असेल त्याच्या दोन-सप्तमांश टक्क्यांनी निरपेक्ष तापमान उतरते. कल्याण ते लोणावळा दाब सात टक्क्यांनी घटला. म्हणून निरपेक्ष तापमान दोन टक्क्यांनी घटणार. २८ अंश म्हणजे ३०१ केल्विन, त्याचे दोन टक्के सहा अंश. हा हिशेब कागदाच्या कपट्यावर मांडता येतो आणि तो जगातल्या कुठल्याही डोंगराला लागू पडतो. चढणाऱ्या कोरड्या हवेचे तापमान दर शंभर मीटरला जवळपास एक अंशाने का उतरते, त्याचेही उत्तर हेच.

आता पाकिटाचे कोडे सुटते. पाकिटातला वायू मूठभर, त्याच्या भोवती पातळ पापुद्रा आणि चोहोबाजूंनी २५ अंशांवर राखलेली डब्यातली हवा. घाट चढायला गाडीला बराच वेळ लागतो. तेवढ्यात वायूने केलेला खर्च डब्यातल्या हवेने केव्हाच भरून दिलेला असतो. हे झाले समतापी प्रसरण. (पापुद्रा अडवत नसता तर पाकीट साडेसात टक्क्यांनी फुगले असते. तो अडवतो, म्हणूनच ते टणक लागते.) उलट, घाटाच्या अंगावरून चढणारी हवा मैलोगणती पसरलेली असते. हवेसारखा उष्णतेचा वाईट वाहक शोधून सापडणार नाही. त्या अवाढव्य गोळ्याच्या पोटात भोवतालची उष्णता अर्ध्या-पाऊण तासात पोहोचणे शक्य नसते. त्याला कसलेही वेष्टण नाही, पण त्याचा आकार हेच त्याचे वेष्टण.

‘उष्णताबंद म्हणजे झटपट आणि समतापी म्हणजे सावकाश’ असे सूत्र पुष्कळ विद्यार्थी पाठ करतात, ते म्हणूनच अर्धवट आहे. ढग अर्धा तास चढत असतो आणि तरीही त्याचे प्रसरण उष्णताबंदच असते. प्रश्न घड्याळातल्या वेळेचा नाही. उष्णतेला आत शिरायला जितका वेळ लागतो, त्याच्या मानाने वेळ कमी आहे की जास्त, हा आहे. या एका मुद्द्यावर साक्षात न्यूटनही चुकला होता. ध्वनीच्या लहरीत हवा दबते आणि प्रसरण पावते, तेव्हा तिचे तापमान स्थिर राहते असे त्याने गृहीत धरले, आणि त्याने काढलेला ध्वनीचा वेग प्रत्यक्षाहून सुमारे पंधरा टक्के कमी आला. लाप्लासने १८१६ मध्ये दाखवले, की ध्वनीचे आकुंचन-प्रसरण इतके चटकन होते की उष्णतेला सवडच मिळत नाही. न्यूटनच्या सूत्रात १.४ घालताच उत्तर बरोबर आले.

हिशेबाने हवा लोणावळ्याला २२ अंशांवर यायला हवी होती, प्रत्यक्षात ती साडेतेवीसवर थांबली. हा दीड अंश कुठून आला? या दीड अंशातच आपला पावसाळा आहे.

जुलैत कल्याणची हवा कोरडी मुळीच नसते. सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के धरली, तर २८ अंशांच्या त्या हवेचा दवबिंदू सव्वापंचवीस अंशांच्या आसपास येतो. हवा चढू लागली की तिचे तापमान शंभर मीटरला एक अंशाने उतरते. दवबिंदूही उतरतो, पण अगदी हळू. साधारण साडेतीनशे मीटरवर तापमान दवबिंदूला गाठते आणि बाष्पाचे थेंब होऊ लागतात. हा ढगाचा तळ. पावसाळ्यात डोंबिवली-कल्याणच्या गच्चीवरून पाहिले, तर मलंगगडाचे अंग दिसते आणि माथा मात्र ढगात हरवलेला असतो. ते ढग कुणी आणून माथ्यावर ठेवलेले नसतात. सगळ्या डोंगरांवर जवळपास एकाच पातळीवर ही पांढरी रेघ ओढलेली दिसते, कारण चढणारी हवा ज्या उंचीवर दवबिंदू गाठते ती उंची एकच असते. ढग एका जागी स्थिर दिसतो, पण हवा मात्र त्यातून वाहत असते. एका बाजूने ती आत शिरते आणि ढग होते, दुसऱ्या बाजूने उतरली की पुन्हा अदृश्य होते.

बाष्पाचे पाणी होताना त्याच्यात दडलेली सुप्त उष्णता बाहेर पडते, एका ग्रॅममागे सुमारे अडीच हजार जूल. ही हवेला मिळालेली आवक. बाहेरून नव्हे, घरातूनच, आजीच्या बटव्यातून निघावी तशी. त्यामुळे ढगाच्या तळापासून पुढे हवा शंभर मीटरला एक अंशाऐवजी ०.४ अंशानेच गार होते. साडेतीनशे मीटरपर्यंत साडेतीन अंश, पुढच्या पावणेतीनशे मीटरमध्ये एक अंश, एकूण साडेचार. लोणावळ्याचे साडेतेवीस अंश असे जमतात.

आता या प्रसरणातून पाणी किती निघते ते पाहू. कल्याणच्या त्या हवेत दर किलोमागे साडेवीस ग्रॅम बाष्प असते. हवा घाटमाथ्यावरून जाताना हजार मीटरपर्यंत उचलली गेली, तर तिचे तापमान २२ अंशांवर येते आणि तिला १९ ग्रॅमहून अधिक बाष्प धरवत नाही. किलोमागे दीड-पावणेदोन ग्रॅम पाणी सुटते. फार किरकोळ वाटते ना? पण एक मीटर रुंद आणि एक किलोमीटर उंच असा हवेचा पट्टा सेकंदाला दहा मीटर वेगाने घाटावर चढतो आहे असे समजा. सेकंदाला अकरा हजार किलो हवा वर जाते आणि साडेसतरा लिटर पाणी सोडते. हे पाणी दहा किलोमीटरच्या उतारावर पसरले, तर ताशी सहा मिलिमीटर होतात, दिवसाला दीडशे. अर्थात वरच्या थरातली हवा एवढी दमट नसते, आणि सुटलेले सगळेच पाणी खाली पडत नाही. निम्मे जरी पडले, तरी पंचाहत्तर मिलिमीटर. घाटमाथ्यावर जुलैतल्या एखाद्या साध्यासुध्या, वृत्तपत्रात ज्याची बातमीही होत नाही अशा दिवशी पडणारा पाऊस याच घरातला असतो.

हेच पाणी उल्हास नदीतून वाहत येते. राजमाचीच्या परिसरात उगम पावणारी ही नदी कर्जत, बदलापूर, कल्याण करत खाडीला मिळते आणि वाटेत कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, ठाणे या शहरांची तहान भागवते. बदलापूरजवळचे बारवी धरण आणि शहापूरकडचे भातसा धरण भरते तेही याच चढत्या हवेच्या पाण्यावर. गंमत अशी, की माथ्यापलीकडे पूर्वेला पडलेले काही पाणीही परत पश्चिमेला येते. टाटांच्या भिवपुरीच्या वीजकेंद्रासाठी आंध्रा तलावाचे पाणी १९२२ पासून घाटाखाली सोडले जाते आणि वीज करून झाली की ते उल्हासला मिळते. मोहिलीच्या जलशुद्धीकरण केंद्रातून डोंबिवलीच्या नळाला येणारा पेलाभर पाण्यातला थेंब न् थेंब केव्हातरी प्रसरणाने गार झालेला आहे.

माथा ओलांडून गेल्यावर हवा पठारावर उतरू लागते. दाब वाढतो, ती दबते, तापते आणि ढग विरतात. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. तिथून जेमतेम साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्यात सातशेच्या आसपास. पर्जन्यछाया म्हणतात ती ही. पुणेकर आपल्या कोरड्या हवेचा अभिमान बाळगतात, त्या हवेतले पाणी ठाणे जिल्ह्याने आधीच काढून घेतलेले असते!

घाट एवढीच गोष्ट असती तर पावसाचे गणित फार सोपे झाले असते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला अवघा ७३. दोन्ही ठिकाणी डोंगर नाही. त्या दिवशी उल्हास पात्राबाहेर आली, बदलापूर, उल्हासनगर, कल्याणचे सखल भाग पाण्याखाली गेले. ज्यांनी ती रात्र माळ्यावर किंवा फलाटावर काढली, त्यांना तपशील सांगण्याची आवश्यकता नाही. एवढा पाऊस डोंगराच्या आधाराविना एकाच ठिकाणी कसा पडतो, याचे एक सूत्र वर आलेल्या ०.४ या आकड्यात आहे. ढगात चढणारी हवा शंभर मीटरला ०.४ अंशाने गार होते. भोवतालची हवा मात्र उंचीबरोबर शंभर मीटरला ०.६ ते ०.७ अंशाने गार होत गेलेली असेल, तर ढगातली हवा वर जाता जाता भोवतालापेक्षा उबदार राहते. उबदार म्हणजे विरळ, आणि विरळ म्हणजे हलकी. तिला वर चढवायला डोंगर लागत नाही; एकदा धक्का मिळाला की ती आपणहून उसळते, आणखी प्रसरण पावते, आणखी पाणी सोडते, आणखी उष्णता मिळवते. दहा-बारा किलोमीटर उंचीचे ढग असे उभे राहतात. घाटातली हवा हजार मीटर चढून दीड-पावणेदोन ग्रॅम पाणी सोडते. या ढगांत ती जवळपास सगळेच बाष्प गमावते. आणि तळाशी समुद्राकडून नवी दमट हवा येत राहिली, की एका शहरावर तासन् तास कोसळणारा पाऊस होतो.

पुढे २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हासच्या पुरात अडकली. हजारावर प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. आपल्या वेफर्सच्या पाकिटाचा मार्गही हाच.

चढणाऱ्या हवेचा कुठला गोळा कुठे उसळी घेणार, हे आधी सांगणे म्हणूनच बिकट आहे. तळाच्या हवेचे तापमान अर्ध्या अंशाने किंवा बाष्प किलोमागे एका ग्रॅमने निराळे असले, तर ढग उसळतो की दोन किलोमीटरवरच विरतो, हे बदलू शकते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २००९ पासून विमाने ढगांत पाठवून मोजमापे घेतली आणि २०१२ मध्ये महाबळेश्वरला, म्हणजे जिथे ढग जमिनीलाच टेकतो अशा ठिकाणी, ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा सुरू केली. थेंब केवढे होतात, किती होतात, किती उष्णता सोडतात, हे मोजल्यावाचून वरच्या जमाखर्चातला आवकेचा रकाना भरता येत नाही.

कुणी विचारील, की हवा हा खरोखरच ‘आदर्श वायू’ आहे काय? आदर्श वायू म्हणजे ज्याचे रेणू एकमेकांना ओढत नाहीत आणि ज्यांनी व्यापलेली जागा नगण्य आहे असा वायू. तसा तो पुस्तकातच सापडतो. पण आपल्या भोवतालच्या दाबाला हवा त्या नियमापासून हजारात एक भागानेही ढळत नाही, तेव्हा ढगाच्या गणितात ही चिंता नको. घरातल्या गॅस सिलिंडरला मात्र यातले काही लावू नये. त्यात द्रव असतो. रिक्षांच्या सीएनजीची गोष्ट दोहोंच्या मधली. २०० बार दाबाला नैसर्गिक वायू आदर्श वर्तनापासून दहा-वीस टक्के ढळतो, पण ढोबळ समजूत पटण्यास हरकत नाही. पंपावर टाकी झपाट्याने भरली जाते, तेव्हा मागून रेटणाऱ्या वायूमुळे आतला वायू दबतो आणि तापतो. समजा भरताना तो ६० अंशांवर गेला आणि काटा २०० वर पोहोचला. मग रांगेतून बाहेर पडून रिक्षा उभी राहिली, टाकी ३० अंशांवर आली. आकारमान तेच, म्हणून दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात उतरून १८२ वर येतो. वायू कुठे गळालेला नाही आणि पंपावरच्या माणसाने फसवलेलेही नाही. भर दुपारी भरलेला गॅस लवकर संपतो, ही रिक्षावाल्यांची तक्रार मात्र या हिशेबाने रास्तच ठरते. काटा २०० दाखवतो खरा, पण तापलेल्या टाकीत वायू कमी मावलेला असतो.

घाट आणि ढग घरच्या घरी पाहायचे असतील तर शीतपेयाची दोन लिटरची रिकामी बाटली पुरे. तिच्यात चमचाभर पाणी घालून हलवावे, उदबत्तीचा किंचित धूर आत सोडावा. थेंबांना धरायला काही कण लागतात, तेवढे काम धूर करतो. बुचाला ट्यूबचा व्हॉल्व्ह घट्ट बसवून सायकलच्या पंपाने थोडी हवा भरावी, दीड वातावरण दाबापर्यंत, त्याहून अधिक नको. दोन मिनिटे थांबून आतली हवा खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी आणि झटकन दाब सोडावा. बाटलीत धुके भरते. दोन-सप्तमांशाचा घात लावून हिशेब केला तर आतली हवा २७ अंशांवरून उणे सहापर्यंत उतरायला हवी. प्रत्यक्षात ती तेवढी उतरत नाही, कारण थेंब होताना सुप्त उष्णता मिळते आणि बाटलीच्या भिंतीही हात देतात. पुन्हा पंप मारला की धुके नाहीसे होते. लहान मुलांना हा खेळ किती वेळा करून दाखवावा लागतो, हे सांगण्याची गरज नाही.

लोणावळ्याहून परतताना पाण्याची रिकामी झालेली बाटली फेकून न देता तिथेच बूच घट्ट लावून पिशवीत टाकावी. तिच्यात ९३५ मिलिबारची हवा कोंडली जाते. कर्जत गेले, नेरळ गेले, बाहेरचा दाब वाढत जातो. आणि कल्याणला उतरताना पिशवीत हात घातला, तर बाटलीचे अंग आत दबलेले हाताला लागते.